गोठाबिल्ली

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी बारा महिने काळं घालायची. काळा फ्रॉक, त्यावर पांढरे ठिपके, ओठ काळे, कानात कवट्या आणि कपाळावर जुन्या नट्यांसारखा केसांचा फुगा. समता कॉलनीत असं ध्यान दुसरं नव्हतं.

"हे काय आहे गं?" मी एकदा विचारलं.

"गॉथाबिली, काका."

मी ऐकलं गोठाबिल्ली. गोठा मराठी, बिल्ली हिंदी. रायपुरात अशी सरमिसळ कोणाला खटकते? मांजर पाळली असेल म्हणून बायकोला सांगितलं, "वर दूध देऊन ये." मुलगी ते स्वतःच पिऊन, वाटी विसळून खाली आली. तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं.

गॉथाबिली हा गाण्याचा नि पेहरावाचा विलायती प्रकार, हे मला मागाहून कळलं. तिच्या गिटारचा ताल वरातीतल्या नाचाचा आणि शब्द मसणातले. हसावं की देवाचं नाव घ्यावं, मला कळेना. "भुताले नाचू वाटत नसन का, काका?" ती म्हणायची.

संक्रांतीला मात्र तिचा थाट. बाकीच्या बायका पंडरीच्या कापडबाजारात काळी साडी शोधत फिरत, ही तयारच. बायको तिला हळदीकुंकवाला मुद्दाम पुढे बसवायची. दोघींचं दुपारभर काय गुळपीठ चालायचं, देव जाणे.

मागच्या वर्षी काही दिवस दवाखान्यात राहून बायको गेली. तेरवीच्या आदल्या दिवशी वरची पोरगी आली ती पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. मी ओळखलंच नाही.

"काकूसाठी एक गानं हाय. उद्या म्हनू द्या."

"नाचायचं गाणं? तेरवीला? लोक काय म्हणतील!" मी ओरडलो. ती वर निघून गेली. महिन्याभरात बंगळुरूला नोकरी लागून तिने खोली सोडली. निरोप घ्यायला आली, तेव्हा मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. चुकलं कोणाचं, तिचं की माझं, तेही नीट ठरवता येईना.

परवा राहवलं नाही. फोन करून म्हणालो, "ते गाणं ऐकव." तिने गिटार घेतली. गाण्यातली मेलेली बायको नाचत नाचत घरी येते, गॅस बंद आहे का बघते आणि नवऱ्याला म्हणते, "काहून रडून राहिले? चहा तं मांडा!"

मी विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

"काकूनंच. दवाखान्यात लिहून देल्लं. म्हने, तेरवीले त्यायच्यासमोर म्हन."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी पुसलंच नाही, काका."

म्हणजे त्या दिवशी मी पोरीला नाही, बायकोलाच गप्प केलं होतं.