हाक, ओ आणि आमची मोटर

हणमंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोडक्याचे वेल मांडवावर चढवत होतो. निमगाव केतकीहून त्यांच्या थोरल्या मुलाने केला होता. दोन वाक्यं बोलला आणि ठेवला. मी मात्र हातातली सुतळीची गाठ पुरती मारली, मग पुढचा वेल बांधला, त्याच्या पुढचाही... सुशीला, माझी बायको, बांधापलीकडे मेथीच्या जुड्या बांधत होती आणि तिला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. माणूस गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगतो, भीती वेगळीच होती. तीस वर्षं गप्प राहिलेली ही बाई हणमंतरावांमुळे पुन्हा गायला लागली होती. आता तेच गेले. ती परत गप्प झाली तर? कारण पहिल्यांदा तिला गप्प करणारा दुसरा कुणी नव्हता, मीच होतो.

मी निवृत्त भूगोलाचा मास्तर. कऱ्हाटीला चार एकर बागायत आहे, त्यात भाजीपाला करतो. सुशीलाचं माहेर निमगाव केतकी. हणमंतराव तिच्याच आळीतले, म्हणून ते गावनात्याने तिचे दादा आणि मी त्यांचा दाजी. तरुणपणी ही दोघं बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात द्वंद्वगीतं म्हणायची. गणपतीत गावोगाव कार्यक्रम असायचे. ऑर्केस्ट्रा गरीब, माइक एकच, त्यामुळे दोघं समोरासमोर उभी राहून एकाच माइकवर गायची. मी सुशीलाला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, मंडपात. आवाज आवडला म्हणून मागणी घातली आणि लग्न झाल्यावर महिन्याभरात, चहा पिता पिता, तिला म्हणालो की मास्तरची बायको स्टेजवर बरी दिसत नाही. ओरडलो नाही, भांडलो नाही. तीही भांडली नाही. कपबशी विसळून ठेवली आणि त्या दिवसापासून घरात गाणं बंद झालं. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती लिहूनच टाकावी म्हणून हा लेख.

हणमंतराव मोटरी भरायचे. विहिरीवरची मोटर जळाली की तिची आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. हेच काम करायला ते तीन-चार वर्षं आखातात होते. तिथल्या वर्कशॉपात अमेरिकेतला एक काळा फोरमन होता. तो जेवणाच्या सुट्टीत कॅसेट लावायचा. एक बाई आणि एक बाप्या, आळीपाळीने गाणारे. ती हाक मारणार, तो ओ देणार, मध्येच रुसणार, मध्येच दोघं एकदम तोंड उघडणार. शब्द हणमंतरावांना कळायचे नाहीत, पण भांडण कशावरून चाललंय ते कळायचं, असं ते सांगत. या गाण्याला काय म्हणतात असं त्यांनी विचारलं, तर फोरमन म्हणाला, सोल. म्हणजे काय? त्याने छातीवर हात ठेवला. हणमंतराव एक कॅसेट घेऊन परत आले आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं दुकानात तार गुंडाळता गुंडाळता तसली गाणी मराठीत जुळवत बसले. प्रेमात पडलेल्या पोरापोरींची नाहीत. संसार मुरलेल्या नवराबायकोची.

एके दिवशी ते वहीच घेऊन आमच्या ओसरीवर आले. सात गाणी होती. छातीचं दुखणं जडलं होतं, दोन पावलं चाललं की दम लागायचा, डॉक्टरांनी गाणं कमी करा म्हणून सांगितलेलं. ते सुशीलाशी नाही, माझ्याशी बोलले. म्हणाले, "दाजी, माझा दम हाय तवर मला ह्येवढं करू द्या. ताईबिगर ह्ये हुयाचं न्हाय."

सुशीला आत पीठ मळत होती. हात थांबल्याचं मला बाहेर कळलं. मी हो म्हणालो. त्यांनी आधी पुण्याच्या एका स्टुडिओत जाऊन पाहिलं. तिथे दोघांना काचेच्या वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, कानाला हेडफोन लावले. सूर चोख, पण गाण्यात काही राम नाही. समोर माणूसच नाही तर ओ कुणाला द्यायची? मग मी मोठ्या मनाचा आव आणून आमची विहिरीजवळची भाजीची खोली देऊ केली. भिंतींना बारदान लावलं की आवाज घुमत नव्हता. मनातली गोष्ट वेगळी होती. जे काय गायचंय ते माझ्या डोळ्यासमोर, माझ्या रानात गावं, असं मला वाटत होतं.

आता खोली विहिरीजवळ म्हटल्यावर मोटरीचा आवाज आलाच. शिवारातली थ्री फेज लाईट ठरावीक तासांपुरतीच येते, आणि ती आली की आमचीच काय, आजूबाजूच्या दहा मोटरी एकदम सुरू होतात. म्हणून सगळा गाव लाईट यायची वाट बघायचा आणि आम्ही जायची. लाईट गेली की बारामतीचा साउंडवाला बॅटरीवर सामान लावायचा, पेटीवाला भाता उघडायचा आणि ही दोघं एका माइकवर समोरासमोर उभी राहायची, जुन्या सवयीने. माझ्याकडे एकच काम. लाईट वेळेआधी आली तर मोटर आपोआप सुरू होऊ नये म्हणून स्टार्टरच्या पेटीतला ऑटो बंद करायचा. सहा गाणी झाली आणि सहाही वेळा मी ते इमानाने केलं.

सातव्याच्या आदल्या दिवशी मी बारामतीला भाजी घेऊन गेलो होतो. तिथे ओळखीच्या एकाने चारचौघांत विचारलं, गुरुजी, बाईसाहेब गात्यात तवा तुमी टाळ्या वाजवता व्हय? सगळे हसले, मीही हसलो. पण ते काट्यासारखं रुतून बसलं. दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर मी स्टार्टरपाशी गेलो, पेटी उघडली, ऑटोच्या खटक्यावर बोट ठेवलं... आणि तसाच परत फिरलो. लाईट येईल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. आली तर आली, एवढंच मनात होतं.

सातवं गाणं शेताला पाणी देणाऱ्या नवऱ्याचं. वाफ्यात पाणी वळवायला माती ओढून जे तोंड करतात त्याला दारं म्हणतात. नवरा दारं धरून आहे, बायको घरून हाक मारते. "किती रं उशीर, ताट निवलं." तो ओ देतो, "एक दारं राहिलं, आलोच बघ." प्रत्येक कडव्याला हेच, पण दर वेळी तिचा आवाज थोडा थकलेला आणि त्याचा थोडा लांबून आलेला. हणमंतरावांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की साउंडवाल्याने डोळे मिटून घेतले. दम पुरवून पुरवून गात होते. शेवटचं कडवं आलं आणि बाहेर स्टार्टर खट् करून वाजला. आमची मोटर घरघरत सुरू झाली.

पेटीवाल्याने हात उचलला, कारण पेटीचा आणि मोटरीचा सूर जुळेना. साउंडवाला उठायला लागला. सुशीलाने हाताने त्याला खाली बसवलं. तिने आवाज किंचित वर घेतला, मोटरीच्या सुरावर नेऊन टेकवला आणि हाक मारली. हणमंतरावांनी तिथूनच ओ दिली. पेटी नाही, काही नाही, दोन गळे आणि खाली मोटर. गाणं संपलं तेव्हा ते भाजीच्या क्रेटवर बसून पाच मिनिटं नुसते श्वास घेत होते. पुन्हा गाणं शक्य नव्हतं, हे न सांगता सगळ्यांना कळलं. मी म्हणालो, विसरलो. सुशीला माझ्याकडे बघतच राहिली.

सामान गाडीत चढवून झाल्यावर हणमंतराव मला विहिरीकडे घेऊन गेले. मोटरीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "दाजी, तुमी इसरला न्हाय." माझी मान खाली. "ही मोटर म्या तीन येळा भरलीया. हिचा आवाज मी घरच्या माणसावानी वळखतो. तुमचा आवाज मातर इतक्या वर्सांत कदी आयकला नव्हता. आता त्योबी गाण्यात आला. ऱ्हाऊ द्या."

 चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसवेना. त्याच संध्याकाळी मी सुशीलाला सगळं सांगितलं, बाजारातलं आणि तीस वर्षांपूर्वी चहा पिता पिता तसं का बोललो तेही. ती म्हणाली, ठाऊक होतं. पुढे दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणली. यापलीकडे आमच्यात त्यावर बोलणं झालेलं नाही.

'हाक आणि ओ' असं नाव ठेवून सात गाणी बाहेर आली. हणमंतरावांच्या दुकानात, उघड्या पडलेल्या मोटरींच्या मधोमध नारळ फुटला. सुरुवातीला बोलणारे बोललेच. या वयात हे काय, म्हणणारे निघाले, सुशीलाच्या भावाने चार महिने फोन केला नाही. मग गाणी मोबाईलच्या दुकानांतून पेन ड्राइव्हवर गेली आणि उसाच्या ट्रॅक्टरवर वाजायला लागली. भिगवणला मासे खायला थांबलो तर हॉटेलात तेच. सगळ्यात जास्त सातवं. एका बाईचा सुशीलाला फोन आला, की मालक आणि मी वर्षभर एका घरात अबोल्याने राहत होतो, काल ते रानातून आले आणि दारातूनच म्हणाले, आलो बघ. सुशीला फोन ठेवून कितीतरी वेळ पदराने डोळे पुसत होती. पुण्याच्या एका जाणकाराने हणमंतरावांना विचारलं, शेवटच्या कडव्याखाली जो धीरगंभीर स्वर आहे ते वाद्य कुठलं? ते म्हणाले, साडेसात एचपीचं. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे आणि हसता हसता दम लागून खाली बसायचे. वर्षभर हे कौतुक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, याचं मला फार समाधान आहे.

हणमंतराव गेल्याचा फोन आला त्या सकाळी शेवटी मी बांध ओलांडून सुशीलाला सांगितलं.  तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली. निमगावला जाऊन आलो, दहावं झालं, तेरावं झालं. घरात गाणं नाही. मी मुद्दाम रेडिओ लावून बघितला, तिने उठून बंद केला. मला तो जुना कपबशीचा आवाज आठवत राहिला.

परवा दुपारी लाईट आली. हल्ली मी ऑटोला हात लावत नाही. मोटर सुरू झाली. तिच्या वायरींच्या डब्यावर हणमंतरावांनी पांढऱ्या रंगाने काढलेला 'ह' अजून आहे. मोटर भरली की ते असा काढायचे. मी भेंडीला पाणी देत होतो. सुशीला भाजीच्या खोलीत क्रेट भरत होती. आणि आतून, अगदी हळू, मोटरीच्या सुरावर आवाज आला. "किती रं उशीर, ताट निवलं."

मग ती थांबली. ओ द्यायची जागा तिने मोकळी सोडली. नुसती मोटर ऐकू येत होती. थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा म्हणाली आणि पुन्हा थांबली. मी गुडघाभर चिखलात, हातात खोरं. जन्मात कधी गायलो नाही, मराठीच्या बदली तासाला कविताही नुसती वाचून दाखवायचो. पण घसा खाकरला आणि म्हणालो, "एक दारं राहिलं, आलोच बघ."

फाटका, बेसूर आवाज माझा मलाच ऐकवेना.  मग आतून सुशीला म्हणाली, "सूर पडला. मोटरीला धरून म्हणा."

मी खोरं बांधावर ठेवलं आणि मोटरीकडे कान दिला.