शेजारच्या आजींचं गाव

शेजारच्या आजी माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य होतं, "तुमच्या घरातून येणारा वास माझ्या पडद्यांना लागतो."

आम्ही अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला येऊन महिनाच झाला होता. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी त्याच्या व्हिसावर आलेली. मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपुरात कॉलेजात शिकवत होते, इथे दोन वर्षांच्या मुलीला सांभाळत खिडकीतून बर्फ बघत होते. त्या वाक्यानंतर मी फोडणी देताना खिडकी लावून घ्यायला लागले. धूर घरातच कोंडायचा, स्मोक अलार्म वाजायचा, मुलगी रडायची.

मग जानेवारीत एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढताना आजी बर्फावरून घसरल्या. मी धावत जाऊन त्यांना उठवलं.

"एवढं घट्ट धरू नकोस, मी बटाट्याचं पोतं नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, आभार न मानता, "चहा घेशील?"

त्या मूळच्या इंग्लंडच्या. उत्तरेकडच्या डोंगरातलं, दगडी कुंपणांचं आणि मेंढ्यांचं एक लहानसं गाव. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून बोटीनं आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कॅलिफोर्नियात, दर रविवारी फोन करायचा आणि पाच मिनिटांत ठेवायचा. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, पण त्यांचं इंग्रजी अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही अमेरिकन झालं नव्हतं. माझं त्यांना निम्मं कळायचं नाही. "पुन्हा बोल, तोंड उघडून," म्हणायच्या.

तरी मी जात राहिले. दुपारी दुसरं जायचं कुठे? आणि एकदा का त्या गावाबद्दल बोलायला लागल्या की त्यांची जीभ मऊ व्हायची. सोमवारी सगळ्या गल्लीत वाळत घातलेले कपडे, आणि कोळशाची गाडी आली की काळे पडू नयेत म्हणून ते गोळा करायला धावणाऱ्या बायका. शाळेतल्या शेगडीभोवती मांडलेल्या, थंडीनं गोठलेल्या दुधाच्या बाटल्या. ओढ्यात बरणी बुडवून पकडलेली बेडकांची पिल्लं. आणि वडील. वडील दगडाच्या खाणीत कामाला होते. उन्हाळ्यात गावाबाहेर जत्रा भरायची, तेव्हा ते आजींना खांद्यावर बसवून न्यायचे. खांद्यावरून त्यांना पाळण्याचे दिवे सगळ्यांच्या आधी दिसायचे. वडिलांच्या केसांत दगडाची भुकटी असायची, ती त्यांच्या हाताला लागायची.

माझी मुलगी ह्या गोष्टींवर वाढली. इसापनीती, बिरबल मी सांगायचे ते तिला नको असायचं. आजींच्या मांडीजवळ जाऊन जत्रेची गोष्ट मागायची, "टेल द फेअर वन." आणि आजी, ज्या माझ्या चहाला सूप म्हणायच्या आणि माझ्या पंजाबी ड्रेसला नाइटी, त्या पोरीला कंटाळा न करता तीच गोष्ट पुन्हा सांगायच्या.

मुलगी पाच वर्षांची झाली त्या वर्षी आजी म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगला जेवायला या. माझी बहीण येतेय."

मी म्हटलं, "तुम्हाला बहीण आहे?"

"आहे," त्या म्हणाल्या, आणि ओव्हन पुसायला लागल्या.

बहीण सहा वर्षांनी लहान. उंच, हडकुळी, डावा हात कोपरात पूर्ण सरळ न होणारी. लग्न केलं नव्हतं. सगळं आयुष्य त्याच गावात, त्याच घरात गेलेलं. अमेरिकेत पहिल्यांदाच आली होती. आम्ही पोचलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या. आम्ही मांस खात नाही हे माहीत असून आजींनी आमच्यासाठी फक्त उकडलेले बटाटे आणि बीन्स ठेवल्या होत्या. "तुमच्या देवांना चालेल असं एवढंच आहे," म्हणाल्या. नवरा कसनुसं हसला.

जेवण सुरू झालं. बहीण टर्कीचे काप करत होती. कोणीच बोलत नव्हतं म्हणून असेल, मुलीनं तिची नेहमीची फर्माईश केली. आजींनी एकदा बहिणीकडे पाहिलं. मला वाटलं टाळतील. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली. खाण, उन्हाळा, वडिलांचे खांदे.

"कुठली जत्रा?" बहीण म्हणाली. सुरी चालूच होती.

"गावाबाहेरची. तुला आठवणार नाही, तू लहान होतीस."

"मला सगळं आठवतं. आपल्याला कधी कोणी जत्रेला नेलं नाही. तू माडीवरच्या खिडकीतून बघायचीस. खांद्यावर बसायची ती समोरच्या घरातली मुलगी. तिच्या बापाच्या."

आजींनी काटा खाली ठेवला. "लहान मूल बसलंय इथे."

"मग लहान मुलाला खरं सांग ना. सांग, तो खाणीतून आला की आपण कुठे लपायचो. सांग, पट्टा कुठे टांगलेला असायचा. कोळशाच्या कोठीत तुला किती वेळ कोंडायचा ते सांग." बहिणीचा आवाज जराही चढला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या ताटात टर्की वाढायला निघाली, मग आठवण होऊन तिनं तो तुकडा आजींच्या ताटात ठेवला. "खांद्यावर म्हणे. त्यानं तुला हात लावला तो मारायलाच."

"बास," आजी म्हणाल्या.

"तू गेलीस तेव्हा बास झालं, तुझ्यापुरतं. तुझ्या वाटणीचा मारही मग मीच खाल्ला." तिनं वाकडा हात टेबलावर ठेवला, भांडं ठेवावं तसा. "हा तू गेल्याच्या पुढच्या हिवाळ्यातला."

"मी तुला इकडे बोलावलं होतं."

"बोलावलंस. तो मेल्यावर."

आजी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुला ते घर हवं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून राहिलीस. आणि तुला कोणी मागणी घातली नाही, त्याला मी काय करू?"

बहिणीनं नॅपकिननं ओठ टिपले. माझी मुलगी एकीकडून दुसरीकडे बघत होती. नवरा मला मराठीत म्हणाला, "चल, निघू या." आम्ही कोट घातले. दोघींपैकी कोणीही दारापर्यंत आलं नाही.

बहिणीचं परतीचं तिकीट आणखी दहा दिवसांनी होतं. ते बदलायला तिनं नकार दिला. ते सगळे दिवस त्या दोघी एका छपराखाली राहिल्या. आजी पुढच्या खोलीत टीव्ही बघायच्या, बहीण स्वयंपाकघरात बसायची. नागपूरला फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हातारपणी माणसं अशी भांडतात आणि मग गळ्यात पडतात." त्या पडल्या नाहीत.

डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर बहिणीला मीच सोडलं. आजींनी गाडी चालवणं सोडून दोन वर्षं झाली होती. हायवेवर मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या ऐंशीच्या घरात आल्या आहेत. जत्रेची गोष्ट त्यांना ठेवू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "तू तिच्याकडे किती वर्षं जातेस?"

"तीन."

"तीन वर्षं ती तुला आमच्या गावाबद्दल सांगतेय. त्यात मी कधी आले?"

मी आठवून पाहिलं. ओढा, बरणी, कपडे, दुधाच्या बाटल्या. कुठेच दुसरी मुलगी नव्हती.

"बापाला तिनं चांगला करून घेतला," ती म्हणाली. "मला काढूनच टाकलं. बाप परवडला, मी नाही." एअरपोर्टवर तिनं बॅग मला उचलू दिली नाही. चांगल्या हातानं ओढत गेली.

मी आठवडाभर आजींकडे गेले नाही. मग मुलगीच हट्ट करायला लागली म्हणून गेलो. काही झालंच नाही अशा थाटात तिनं जत्रेची गोष्ट मागितली.

"जत्रा नव्हती," आजी म्हणाल्या.

"बट यू सेड..."

"मी खोटं बोलले. म्हातारी माणसं खोटं बोलतात."

मुलगी रडायला लागली. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. डोक्यावरून हात फिरवला नाही, बिस्किटांचा डबा पुढे केला नाही. मी तिला उचलून घरी आणलं. त्यानंतर ती त्या घरी जायला तयार झाली नाही.

मी एकटी जायचे. एका दुपारी, चहा गार होऊ नये म्हणून किटलीवर लोकरीचं टोपरं चढवता चढवता, आजी आपणहून बोलल्या.

"त्यानं मला कोठीत कोंडलं की ती दाराच्या फटीतून पावाची कड सरकवायची. चार-पाच वर्षांची असेल. पकडली गेली असती तर तीही आत आली असती. मी निघाले त्या सकाळी ती स्टेशनपर्यंत चालत आली. मलाही ने म्हणाली. मी म्हटलं, पोचले की बोलावते. मी खोटं बोलतेय हे तिला तेव्हाच कळलं होतं. मला तिचं तोंड बघवेना, म्हणून मी डब्यात पलीकडच्या बाजूला जाऊन बसले."

माझा चहा गार झाला होता. मी म्हटलं, "हे तिला फोन करून सांगा ना. पावाचं तुम्हाला आठवतं, एवढंच सांगा."

"का?"

"तिला बरं वाटेल."

"तेच तर," आजी म्हणाल्या. "इतकी वर्षं ती माझ्यावरच्या रागावर जगली. मी रडत फोन केला की तिला मला माफ करावं लागेल. मला तिची माफी नको. आणि ती मला मिळाली, तिचा राग संपला, तर माझ्याकडे काय राहील?" मग त्यांनी माझ्या कपाकडे पाहिलं. "तो ओतून टाक. तसाही तुला आवडत नाही."

दोन वर्षांनी बहीण गेली. गावातल्या कोणा बाईचा फोन आला होता. मी पोचले तेव्हा आजी कपाट आवरत होत्या. त्या बाईनं विचारलं होतं, घरातलं काही हवं आहे का, आणि अंत्यविधीला येणार का.

"काय सांगितलंत?"

"दोन्हीला नाही." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ती थोडा वेळ थांबली फोनवर. मी रडेन म्हणून असेल. मी तिला तिथलं हवामान विचारलं."

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले. तो दुसरी नोकरी बघून दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला निघाला, आणि आम्ही सामान बांधलं. निरोप घ्यायला मी मुलीला ओढतच नेलं. ती आता आठ वर्षांची होती, दारातच उभी राहिली.

आजी खुर्चीतून उठल्या नाहीत. तिला नीट वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तू मला विसरून जाशील."

मी घाईघाईनं म्हणाले, "नाही हो, कशी विसरेल?"

"तुला नाही विचारलं," आजी म्हणाल्या.

मुलीनं खांदे उडवले. "ओके," म्हणाली, आणि गाडीकडे पळाली.