पहाटेच्या प्रार्थनेची किल्ली

इंजिन खोलून परत बसवलं की दोन-चार नट हातात उरतातच. गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि ते नट डब्यात पडतात. आळेफाट्याच्या गॅरेजात जन्म घालवल्यावर माझ्याकडं असा एक डबाच भरलाय. आमच्या मंडळीतले किस्से त्याच जातीचे. कुठल्या उपदेशात बसत नाहीत आणि टाकून द्यायला जीव होत नाही.

मंडळी म्हणजे राजुरीच्या अलीकडं उसाच्या कडेला असलेलं आमचं पत्र्याचं प्रार्थनामंदिर आणि तिथं येणारी पाच-पन्नास माणसं. पहाटेची प्रार्थना याकोबमामा चालवायचे. दार उघडायचं, घंटा द्यायची आणि उजाडेपर्यंत गुडघ्यावर. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, तोंडावर मामा गोठ्यात घसरले आणि खुबा मोडून खाटेला लागले. आम्ही सगळे भेटायला गेलो तेव्हा मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "उघडणारं कोणी नसेल तर पहाटेची प्रार्थना बंद करू. तशीही बिबट्याच्या भीतीनं माणसं येत नाहीत."

मामांचा चेहरा पडला. म्हणाले, "बंद न्हाई करायची. माज्या हयातीत तरी न्हाई. किल्ली दावीद मिस्तरीला द्या."

दावीद मिस्तरी म्हणजे मी. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसली आमची मार्था. बायकोच ती, तिला सगळं ठाऊक.

*

हसायला कारण आहे. दर जानेवारीत मी बायबल पहिल्यापासून वाचायला घेतो. पहिलं पुस्तक उत्पत्ती, ते टॉप गिअरमध्ये जातं, दुसऱ्या निर्गमला चढ लागतो आणि तिसऱ्या लेवीयच्या घाटात गाडी गरम होऊन बंद. मग पुढच्या जानेवारीला पुन्हा उत्पत्ती. पहिली पानं माझ्या ऑइलच्या बोटांनी काळी झालीत, पुढची, येशूच्या जन्माची धरून, कोरी करकरीत.

पाळकसाहेबांनी एकदा ते चाळून पाहिलं आणि शांतपणे मिटलं. म्हणाले, "मिस्तरी, तुमचा ख्रिस्त अजून जन्मायचाय."

*

एका लेंटला मी शिव्या सोडल्या. गॅरेजात शिवी सोडायची म्हणजे पान्याशिवाय नट खोलायचा. मार्था म्हणाली, "त्या जागी दुसरं कायतरी म्हना." मग मी बायबलातले राजे धरले. नट अडकला की "नबुखद्नेस्सर". जॅक घसरला की "अरे बेलशस्सरा".

नगरकडचा एक ट्रकवाला आला. त्याचा फाटका टायर बघून मी म्हणालो, "पार नबुखद्नेस्सर झालाय की ह्याचा."

तो मला बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मिस्तरी, तुमी साधी शिवी द्या, मला राग न्हाई. पन हे लई खालचं वाटतंय."

*

पुढच्या लेंटला दर शुक्रवारी उपास धरला. शेजारी धोंडीभाऊ, मेंढरंवाला. चतुर्थी कडक पाळणारा, ओझरच्या गणपतीला पायी जाणारा माणूस. मी उपास धरलाय कळल्यावर त्याची मालकीण ताटच घेऊन आली. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या गोड फोडी, शेंगदाण्याचा लाडू, वर दोन केळी.

"वहिनी, आमच्यात उपासाला काहीच खात नाहीत," असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यात लाडू गेला होता.

धोंडीभाऊनं विचारलं, "राव, तुमच्या येशूला साबुदाना चालतो ना?"

मी म्हणालो, "त्यानं कुठं मना केलंय?"

ईस्टरला नव्या पँटचं बटण लागेना. मार्था म्हणाली, "लोकांचा देह उपासानं झिजतो. तुमच्या अंगी उपास लागतो."

*

तर असल्या माणसाच्या हातात मामांनी किल्ली दिली. पहिल्या दिवशी गेलो, घंटा दिली, गुडघ्यावर बसलो आणि जागा झालो तेव्हा उन्हं आली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं घोरणं ऐकलं आणि मंडळीत सांगितलं.

मग इलाज सापडला. आमच्याकडं उसात जाणाऱ्यांना बिबट्यापासून जपायला वनखात्यानं गळ्यात घालायचे, बाहेर खिळे असलेले पट्टे वाटलेत. वाटेत घातलेला पट्टा एक दिवस काढायचा राहिला. प्रार्थनेत मान झुकली की हनुवटीला खिळा टोचायचा. दर दोन मिनिटाला "हे प्रभू!" निघायचं, तेही अगदी पोटातून.

दूधवाल्यानं आता सांगितलं की मिस्तरीला पवित्र आत्म्याचा स्पर्श झालाय.

*

त्यानंतर आठवडाभरात एका पहाटे आत शिरलो, दार लोटलं, गुडघे टेकले. बाहेर काहीतरी खरवडल्यासारखं झालं. खिडकीच्या फटीतून बघतो तर पायरीवर बिबट्या. कुत्र्यासारखा पुढचे पाय पसरून, दाराकडं तोंड करून बसलेला.

मी परत गुडघ्यावर आलो. आधी घरच्यांसाठी प्रार्थना केली. मग मंडळीसाठी. मग धोंडीभाऊच्या मेंढरांसाठी, आणि लगेच वाटलं, आत्ता मेंढरांचा विषय नको. मग ज्यांच्या ज्यांच्या गाड्या मी बिघडवल्या त्या सगळ्यांसाठी केली. वेळ लई गेला. उजाडलं, उसाचा ट्रॅक्टर धडधडत आला, तेव्हा कुठं तो उठून गेला.

ट्रॅक्टरमागं पाळकसाहेबांची मोटरसायकल होती. दारातून त्यांना मी दिसलो, घामानं चिंब, गुडघ्यावर. रविवारी उपदेशात म्हणाले, "चिकाटी कशी असते ते मिस्तरींकडून शिका." बायकांनी डोळ्याला पदर लावला. मार्था तेवढी माझ्याकडं रोखून बघत होती.

उपासना सुटल्यावर मी तडक मामांकडं गेलो आणि किल्ली खाटेवर ठेवली.

"मामा, ही घ्या. प्रार्थना बंद पडली तर पडू द्या. माझ्यानं न्हाई व्हायचं." आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.

मामा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "पायरीवरच बसला व्हता?"

"पायरीवरच."

"डावा कान फाटलेला?"

मला तो कान आठवला. फाटलेला होता.

"तू आमेन म्हनलास का मोठ्यानं?"

"कसा म्हणू? आमेन म्हटलं की प्रार्थना संपली, बाहेर निघावं लागतंय."

"मग तो तरी कसा जाईल?" मामांनी किल्ली उचलून माझ्या मुठीत दाबली. "माज्या आमेनला रोज उठून जायचा. तुज्यापायी खोळंबला बिचारा."