शेवटी जवळ कोण होतं?

परब सिस्टर गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही. ती मलाच द्यावी लागली, त्यांच्या नवऱ्याला. आयसीयूच्या दाराशी काका मांडीवर पेजेचा डबा घेऊन बसले होते...

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात नर्सचं अतिदक्षतेचं वरचं ट्रेनिंग सिस्टरच घ्यायच्या. मी गोराईची, आई मासळी विकते, घरातली पहिली ग्रॅज्युएट. पहिल्याच दिवशी हे मी मोठ्याने सांगितलं. "बरा झाला गो," सिस्टर म्हणाल्या. "आता ती डिग्री ह्या पुतळ्याला दाखव. बघूया श्वास घेतो काय." सगळी बॅच हसली.

सरावाचा पुतळा 'मेला' की सिस्टर कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत पेशंटची बायको होऊन बसायच्या. आपण समोर बसून मरण सांगायचं. परीक्षेत त्यांनी मला रडवेल्या आवाजात विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं?"

"मी होते. हात धरला होता."

रडणं तिथंच थांबलं. "खोटारडी. तू मॉनिटरकडे बघत होतीस. नापास."

आईने बाजारात आधीच पेढे वाटले होते. ते नापास करणं मी सिस्टरांना कधीच माफ केलं नाही. सहा महिन्यांनी पास झाले, तेव्हा आईने पेढ्यांचं नाव काढलं नाही.

यंदा हार्ट अटॅक येऊन सिस्टर आमच्याच आयसीयूत आल्या. तिसऱ्या दिवशी बऱ्या होत्या, चादरीच्या सुरकुतीवरून मला झापत होत्या. दुपारी शेजारच्या बेडवरच्या माणसाचा श्वास अडकला. डॉक्टर घशात नळी घालत होते, मी श्वासाची बॅग दाबत होते, आणि मागे सिस्टरांचा अलार्म वाजला. दुसरी नर्स औषध आणायला गेलेली. 'हातातला पेशंट सोडून धावायचं नाही,' हे सिस्टरांनीच घोटून घेतलेलं. मी सोडला नाही. तो माणूस जगला. सिस्टरांच्या छातीवर नंतर आम्ही पाऊण तास दाब देत होतो...

काकांनी तोच प्रश्न विचारला. शब्दन् शब्द तोच.

'मी होते' जिभेवर आलं होतं.

"कोणी नव्हतं, काका. मी शेजारच्या बेडपाशी होते. अलार्म ऐकला, पण आले नाही."

काकांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. "बाजूला हो," एवढंच म्हणाले. तेराव्याला अख्ख्या स्टाफला बोलावलं, मला नाही.

आता बॅच माझ्याकडे आहे. खुर्ची तीच. परवा एका मुलीने सांगितलं, "मी होते, हात धरला होता." मी तिला नापास केलं.

"मॅडम," ती रडत म्हणाली, "खरं सांगून त्या बाईला काय मिळणार होतं?"

याचं उत्तर सिस्टरांनी शिकवलं नव्हतं.