वीज आल्यावर टक् होते

यंत्रं आपोआप चालू-बंद करणारं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड कोणतं घ्यावं, असं विचारायला अजूनही लोक माझ्याकडे येतात. कोणाला कोंबड्यांच्या खुराड्यातला दिवा आपोआप लावायचा असतो, कोणाला टाकी भरली की भोंगा वाजवायचा असतो. मी आयटीआयमध्ये तारतंत्री, म्हणजे वायरमनचं काम, शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर हाच छंद लागला, हे मंगरुळात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगतो, शिकायला स्वस्तातलंच घ्या. एखादं जळणारच, तेव्हा जीव हळहळू नये. बोर्डाचे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, किती लागतील ते आधी मोजा. तुमचा सेन्सर पाच व्होल्टवर चालतो की तीनवर, ते बघा. अकोल्याच्या दुकानात पुन्हा मिळेल असंच घ्या. आणि शेवटी एक विचारतो. वीज येते त्या क्षणी, तुमचा प्रोग्राम जागा होण्याआधी, या बोर्डाचे पाय काय करतात?

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा चिकित्सकपणा. मला हे कुठून सुचलं, ते कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता सांगतो.

माझी वहिनी आसेगावकडच्या वाटेवर दीड एकरात भाजीपाला करायची. मोठा भाऊ गेल्यावर पुतण्या नोकरीसाठी पुण्याला राहिला आणि मळा तिच्या हाती आला. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडून ती स्वतः बाजारात न्यायची. दाम सांगताना गिऱ्हाइकाकडे बघायची नाही, भाजीकडे बघायची. डोकं असं की मागच्या हंगामात कोणत्या वाफ्यात काय होतं ते विचारावं आणि तिने सांगावं. मी निवृत्त झाल्यावर वायरी जोडत बसायचो, त्याची ती चेष्टा करायची. म्हणायची, "भाऊजी, पगार होता तवा सुट्टी मागत होते, आता सुट्टी हाये त काम करून राह्यले."

मळ्यातली वीज आठवड्याने वेळ बदलते. कधी सकाळी, कधी दुपारी, आणि त्या वेळातही जाते-येते. लाईन आली की कोणीतरी जाऊन मोटारीचं हिरवं बटन दाबायचं, म्हणून आमच्याकडे सगळेच ते बटन आपोआप दाबणारा 'ऑटो' लावतात. तिच्याकडे मात्र नव्हता. मी म्हटलं, बाजारचा कशाला, मीच करून देतो.

माझ्या टेबलावर दोन बोर्डं होती. एक निळं, जुन्या पद्धतीचं, परदेशी बोर्डाची नक्कल. त्याला वायफाय नव्हतं, पण वीज आली की ते गुमान बसायचं. प्रोग्राम सुरू होईपर्यंत एक पाय हलायचा नाही. दुसरं काळं, बोटभर, जवळपास निम्म्या किमतीचं, आणि त्यात वायफाय. झोपडीत इंटरनेटसाठी जुना मोबाईल ठेवला की मोटार सुरू झाल्याचा निरोप थेट पुण्यात पुतण्याच्या फोनवर गेला असता. खरं सांगायचं तर स्वस्ताईपेक्षा त्या निरोपाचा मोह जास्त होता. काका अजून कामाचा आहे, हे त्याला दिसावं असं मला वाटत होतं.

काळं बोर्ड रिलेला, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या खटक्याला, जोडून मी टेबलावर दिवा लावून पाहिला. प्लग घातला की रिले टक् करायचा, दिवा एकदा लुकलुकायचा, मग विझायचा. अर्ध्या सेकंदाचं काम. रिलेचा पाय बदलला असता किंवा एक रोध, म्हणजे रेझिस्टर, झाळून लावला असता तर ते थांबलं असतं. मी वहीत लिहिलं: वीज आल्यावर टक् होते. रोध लावणे. योग्य रोध नेमका संपला होता. सुट्टीवर आलेला पुतण्या दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघणार होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर मला बोर्डाचा डबा मळ्यात बसवायचा होता. अर्ध्या सेकंदाने काय होतं, म्हटलं.

जन्मभर मी मुलांना शिकवलं होतं की स्टार्टरचं हिरवं बटन क्षणभर दाबलं तरी पुरतं. नंतर स्टार्टर स्वतःच धरून ठेवतो आणि मोटार चालू राहते. मळ्यात माझा रिले त्या बटनाच्याच जागी बसणार होता. फळ्यावर त्याची आकृती मी डोळे मिटून काढली असती. टेबलावर मात्र मी दिवा पाहत होतो. दिवा विझत होता, म्हणून माझं समाधान झालं.

डब्यावर मी एक स्विच ठेवला. वर ऑटो, खाली बंद. तिला सांगितलं, खाली असला की मोटार सुरू होणार नाही. पण त्या स्विचाने वीज तुटत नव्हती. तो फक्त बोर्डाला कळवत होता. आणि बोर्ड जागं होऊन ते ऐकेपर्यंत रिलेचं टक् होऊन गेलेलं असायचं.

महिनाभर काही झालं नाही, कारण स्विच कायम ऑटोवरच होता. लाईन आल्यावर दोन मिनिटं थांबून मोटार लावायची असं मी प्रोग्रामात लिहिलं होतं, पण ती दोन मिनिटं आधी सुरू होते की नंतर, याकडे कोण लक्ष देतो? मग एका दुपारी लाईन गेली. पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळत होतं. तिथे ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळायची तिची जुनी रीत होती आणि ते काम लाईन नसतानाच करायचं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिने स्विच खाली केला. चिंधी गुंडाळायला बसली. तेवढ्यात लाईन आली.

दांड्याने चिंधी ओढली आणि चिंधीबरोबर उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेजारच्या मळ्यातले लोक तिला वाशीमला घेऊन गेले. मला फोन आला तसा मी आधी मळ्यात गेलो. दवाखान्यात नाही, मळ्यात. हेही लिहायचंच आहे. स्विच खाली होता. मी तो बोटाने वर केला, डबा काढून पिशवीत टाकला, घरी येऊन वहीतलं ते पान फाडलं आणि मग दवाखान्यात गेलो.

पुतण्या पुण्याहून पोचल्यावर त्याने दवाखान्याच्या जिन्यात मला एवढंच विचारलं, "काका, स्विच कुठं होता?"

मी म्हणालो, "ऑटोवर."

त्यापुढे मला खोटं बोलावं लागलं नाही. बाकीचं त्या एका शब्दाने केलं. वय झालं, ध्यानात राहत नाही, असं आधी नातेवाईक म्हणाले, मग पुतण्या, शेवटी ती स्वतः. सुरुवातीला ती सांगायची, "मी बंद केला होता न." लोक मान हलवायचे. मग म्हणू लागली, "केला होता वाटते." नंतर काही म्हणेनाशी झाली. मळा बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिला. अकोल्याच्या डॉक्टरकडून विसरभोळेपणाच्या गोळ्या आल्या. कुलूप लावून ती तीनदा परत यायची. मी गेलो की चहा करायची आणि कप हाती देताना विचारायची, "भाऊजी, पाहा बरं, ग्यास बंद केला न मी?" मी आत जाऊन बघायचो. दर वेळी बंदच असायचा.

तीन वर्षं ते टक् माझ्या घरात आहे. फ्रिज सुरू होताना होतं, इन्व्हर्टर बदलताना होतं. बायको म्हणते, तुमी दचकता काहून? लाईन आली की माझा हात आपोआप छातीशी येतो.

गेल्या महिन्यात दुपारी मी तो डबा पिशवीत घालून वहिनीकडे गेलो. तोंडाने सांगितलं असतं तर म्हातारपणी मी तिची समजूत काढतो आहे, असं तिला वाटलं असतं. म्हणून ओसरीवर दिवा जोडला. तिला म्हटलं, स्विच खाली करा. तिने डाव्या हाताने केला. मग मी प्लग घातला. टक्. दिवा लुकलुकला.

 तिने माझ्या हातातून प्लग घेतला, काढला, घातला. टक्. पुन्हा स्विच खाली असल्याची बोटाने खात्री करून घेतली, पुन्हा घातला. पाच-सहा वेळा. मी दिवा, स्टार्टर, वहीचं पान, वर केलेला स्विच, सगळं सांगत गेलो. मला वाटतं, शेवटचं तिने ऐकलंही नसेल.

"म्हंजे मी बंद केला होता," ती म्हणाली.

"हो वैनी. तुमी बंद केला होता."

"मले याद होतं." मग बराच वेळ ती आपल्या हाताकडे नाही, स्विचकडे बघत राहिली. "बोटाचं म्या देवावर टाकलं असतं, भाऊजी. पण तुमी माह्यं डोस्कं नेलं."

मी क्षमा मागितली. ती तिने दिली नाही, नाकारलीही नाही. म्हणाली, "पोराले फोन लावा. माह्यासमोर सांगा."

मी लावला आणि सांगितलं. पुतण्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आईले द्या." तिने फोन घेतला, हं, हं केलं आणि आत गेली.

मी वायरी गुंडाळत होतो. ती चहा घेऊन आली, कप माझ्यासमोर ठेवला आणि बसली. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही. तीन वर्षांच्या सवयीने माझीच मान स्वयंपाकघराकडे वळली.

"पाहू नका," ती म्हणाली. "बंद केला मी."