आधी जीभ दाखव

काशीत राहून माझ्या मावशीला जीभ न दाखवलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. चाळीस वर्षं नर्स म्हणून राबून ती निवृत्त झाली, पण मंगला गौरीच्या देवळाजवळच्या तिच्या दोन खोल्यांत ड्यूटी काही संपली नाही. दारात पाऊल टाकलं की "ये, बस" नाही, "आधी जीभ दाखव!" दूधवाला मुकाट दाखवतो. सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पासाठी तोंड उघडलं, तर म्हणाली, "तशीच बाहेर काढा. अहो, रक्त कुठाय तुमच्या अंगात? पालक खा." माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही तिने सोडलं नाही. मुलाची आई फणकारली, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "मला बघायला तिघं आले, माझा काळा रंग बघितला आणि चहा पिऊन गेले. मी निदान आत तरी डोकावते!" तरीही बहिणीचं लग्न जमलं, हे नवलच म्हणायचं.

तीन-चार वर्षांपूर्वी शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर तिचा पाय मुरगळला. मी तिला रिक्षात घालून एका इस्पितळाच्या इमर्जन्सीत नेलं आणि वाटेतच ओळखीच्या माणसाला फोन करून वशिला लावला. तिथे बाकावर विद्यापीठात शिकणारा एक आफ्रिकी मुलगा आमच्या आधीपासून बसला होता, गुडघ्यांवर हात रोवून, धापा टाकत. बाकावर जागा होती, तरी लोक उभे होते. खरं सांगतो, मीही उभाच राहिलो. तरुण डॉक्टरने मुलाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, आकडा पाहिला आणि म्हणाला, "ठीक तो है. नशा-वशा किया होगा. माताजी, आप आइए."

माताजी निघाल्या, पण लंगडत त्या मुलाकडे. "बेटा, जीभ दिखाओ."

बिचाऱ्याने काढली. पिकल्या जांभळासारखी! मावशी अशी कडाडली की पार अहिल्याबाई घाटापर्यंत ऐकू गेलं असेल. "डाक्टर साहब, ये चिमटी काली चमड़ी पर धोखा देती है! इसकी जीभ देखिए! ऑक्सिजन लगाइए!"

"पहले आपका पैर..."

"मेरा पैर कहीं भागा नहीं जा रहा, इसकी जान जा रही है!"

डॉक्टर वाकला, त्याने जीभ पाहिली आणि त्याचाच चेहरा उतरला. धावपळ करून मास्क लावला. दम्याचा जबर झटका होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसता, असं नंतर डॉक्टरनेच मावशीला हात जोडून सांगितलं. मुलाचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा कुठे मावशीने पाय पुढे केला आणि माझ्याकडे वळली. "आणि तू रे? तुझ्या तोंडात जीभ नव्हती?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तो मुलगा पुढे दर रविवारी तिच्याकडे साबुदाण्याची खिचडी खायला यायचा. शिक्षण संपवून तो आपल्या देशी गेला, पण रविवारचा व्हिडिओ कॉल चुकवत नाही. नमस्काराआधी जीभ बाहेर! मावशी फोन नाकाला लावून म्हणते, "गुलाबी है, बेटा."

काचबिंदूने तिचे डोळे गेलेत. फोन लागला की ती माझा हात घट्ट धरते आणि हळूच विचारते, "नीट बघ रे. कशी आहे?" मी नीट बघतो आणि मगच तिला सांगतो.