बापूंनी अंगावर घेतलेली चूक

बोलायला उभं राहिल्यावर सुरुवात फसली की आमचे बापू सरळ खोलीबाहेर जायचे. दार लोटायचे, पुन्हा आत यायचे आणि हात जोडून म्हणायचे, "नमस्कार. आत्ता येऊन गेले ते माझे थोरले भाऊ. त्यांचं काही मनावर घेऊ नका." हर्सूलकडच्या एका मेळाव्यात माईक किंचाळला आणि त्यात पाहुण्यांचं नावही चुकलं. मंडपाला दार नव्हतं, तर बापू खांबाला वळसा घालून परत आले. शेतकरी पोट धरून हसले आणि मग शेवटपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

आमच्या ठिबक सिंचनाच्या छोट्या कंपनीतले बापू सगळ्यात जुने विक्री अधिकारी. मी नवीन इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा माझी तालीम तेच घ्यायचे. "घाबरलीस तर घाबरले म्हण," ते सांगायचे. "लोक लई चांगले असतात गं. लपवायला गेलीस की मग बघत बसतात."

माझं पहिलं प्रेझेंटेशन एका मोठ्या वितरकासमोर होतं. मी फाईल उघडली आणि पडद्यावर नाव झळकलं ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचं. वितरक खुर्ची मागे सारून उठू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून बापू पुढे आले.

"साहेब, हिला फाईल मी दिली. चूक माझी." त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, टेबलावरचा नळीचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, "हे धर. काल मला सांगितलंस तसं सांग."

मी सांगितलं. पाणी थेंबाथेंबानं का पडतं, शेवटच्या झाडापर्यंत सारखं कसं पोचतं. वितरक पुन्हा बसले, प्रश्न विचारू लागले. काम आम्हाला मिळालं.

त्याच संध्याकाळी मी मालकांना सांगितलं की फाईल माझीच होती, बापूंनी तिला हातही लावला नव्हता. मालक कौतुकानं हसले. "त्यांच्यावर पांघरूण घालतेस, मन मोठं आहे तुझं. पण बापूंचं वय झालं आता." पुढच्या आठवड्यात बापूंना गोदाम मिळालं आणि त्यांच्या मीटिंगा मला. मी परत जाऊन तेच सांगितलं. खरं बोलून मी मोठी होत गेले आणि ते आणखी म्हातारे ठरत गेले.

"तोंड कशाला पाडतीस?" बापू म्हणाले. "मला बी बसून काम पायजेच होतं."

ते निवृत्त झाल्यावर मी गारखेड्याला त्यांच्या घरी गेले. चहा येईपर्यंत ते भरभरून बोलत होते. मला राहवलं नाही, तो विषय काढलाच.

"व्हय, ती फाईल!" ते हसले. "अगं, ऑर्डर गेली असती तर मालक माझ्यावरच उखडले असते. तुझ्यासाठी थोडाच उठलो मी?"

काकूंनी कप उचलता उचलता त्यांच्याकडे पाहिलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "येत जा गं अधूनमधून. दिवसभर गप्प बसून असतात. आज किती दिवसांनी एवढं बोलले."

"येते ना," मी म्हणाले आणि घाईनं स्कूटर सुरू केली. दुसऱ्या दिवशी पुण्यात माझं प्रेझेंटेशन होतं, आणि स्लाईडा अजून व्हायच्या होत्या.